शिवणकामाचे जुने कागदी नमुने

वस्त्रें बेतण्याची विद्या युरोपांत पुष्कळ काळ शिंप्यांच्या हातींच राहिली. इ. स. १५८० मध्यें हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्यानें बेतांच्या आकृत्यांचें पुस्तक माद्रिद येथें छापलें. परंतु त्याचाहि रोख धंदेवाईकांकडेच होता. ही विद्या सामान्य गृहिणीच्या घरीं आली ती पातळ कागदावरून. १८६३ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एबेनेझर बटरिक या शिंप्यानें निरनिराळ्या मापांचे नमुने विकावयास काढले. तत्पूर्वींचे नमुने बहुधा एकाच मापाचे असत व ते अंगास जुळवून घेण्याचा भार घेणारणीवर पडे.

हे जुने नमुने आज हातीं आले म्हणजे मनुष्य गोंधळतो. कारण बहुतेकांवर छापील रेघ नसते. उभा धागा कोठें धरावा, टक कोठें घालावा, हें सारें भोंकांनीं व खांचांनीं सांगितलेलें असतें. १९२० च्या सुमारास मॅक्कॉल कंपनीनें छापील नमुने आणले, तेव्हां ही अडचण कमी झाली. तथापि जुना क्रमांक आजच्या क्रमांकाशीं जुळत नाहीं. म्हणून छातीचें प्रत्यक्ष माप पाहावें, शिवणीकरितां माया सोडली आहे कीं नाहीं तें तपासावें, आणि मूळ कागदास कात्री न लावतां त्याची नक्कल उतरून घ्यावी.

जें सांगितलें नाहीं तें गृहिणीस ठाऊकच आहे, असें नमुनेकारानें धरलें होतें. त्यांतील बरेंच ज्ञान आज लोपलें आहे. राजांच्या सनदा जपणाऱ्या आपण हे कागदहि इतिहासाचीं साधनें म्हणून जपावयास नकोत काय?