इजा न करता किटण काढ

ठाकूरद्वार नाक्यावरून काळबादेवीकडे चालत निघालं की कोलभाट गल्ली फार लांब नाही. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना तिथलाच. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली सुश्रुतसंहितेची १९३८ची आवृत्ती याच छापखान्याची. मी हिरड्यांची डॉक्टर, त्यामुळे तिच्या चिकित्सास्थानातला २२वा अध्याय मला फार जवळचा. दातांवर साचून कडक झालेल्या किटणाला सुश्रुत दंतशर्करा म्हणतो. ते खरवडायचं हत्यार दंतशंकू. वैद्याला तो बजावतो की दातांच्या मुळांना इजा न करता किटण काढ आणि मग लाखेचं चूर्ण मधात कालवून तिथे चोळ. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दूषित रक्त काढून सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथ्याच्या काढ्याच्या गुळण्या.

'इजा न करता' ही अट पाळणं किती कठीण! दात आणि हिरडीमधली फट निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते. पायोरियात ती ५, ६, कधी त्याहून खोल जाते आणि किटण मुळाला चिकटून बसतं. सुजलेल्या हिरडीखाली हत्यार घातलं की माणूस कळवळतो.

गिरगावच्या चाळींत यावर घरचे उपाय ठरलेले होते: लवंगतेलाचा बोळा, तुरटीच्या गुळण्या, बायकांचं काळं दातवण आणि मिशरी. लवंगेतलं युजेनॉल दाताची कळ खरोखर शमवतं, पण हिरडीखालचं किटण जागेवरच राहतं. मिशरी मात्र भाजलेली तंबाखूच. बरं वाटतं म्हणून ती लावणाऱ्या बायकांच्या हिरड्यांचं तिने नुकसानच केलं.

भूल आली ती सुईच्या टोकावर. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत हॉलस्टेड यांनी ते टोचून जबड्याची नस बधिर केली. कोकेनचं व्यसन जडतं हे लवकरच कळलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केलं. ते बाजारात आलं १९४८ साली, आणि आपल्याकडे दंतवैद्यकाचा कायदा झाला तोही त्याच वर्षी. लिग्नोकेनने दुखणं थांबलं, सुई मात्र राहिली.

या सुईपायी माझे कितीतरी रुग्ण एका बाजूची सफाई करून घेतात आणि दुसऱ्या बाजूसाठी फिरकतच नाहीत. वर "सफाईने दात ढिले होतात" ही समजूत आहेच. खरं तर दात ढिला झालेला असतो आतलं हाड झिजल्यामुळे. किटण निघालं की ते नुसतं जाणवू लागतं.

म्हणून २००३च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका औषधाचं मला मोल वाटतं. त्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन, दोन्ही अडीच-अडीच टक्के. बोथट नळीने ते हिरडीच्या फटीत सोडतात. बाहेर पातळ असलेलं हे औषध तोंडाच्या उबेने घट्ट होतं, त्यामुळे फटीतून वाहून जात नाही. अर्ध्या मिनिटात काम सुरू करता येतं आणि बधिरपणा साधारण २० मिनिटं टिकतो. गाल-ओठ तासन्‌तास जड राहत नाहीत. आपल्याकडच्या दवाखान्यांत सहसा मिळणारा लिग्नोकेनचा स्प्रे किंवा बेंझोकेनचं जेल मुख्यतः वरचा थर बधिर करतं. फार खोल फटीला किंवा शस्त्रक्रियेला इंजेक्शन अजूनही लागतं, हे मी रुग्णाला आधीच सांगते.

ब्रश करताना रक्त येत असेल तर सुईच्या भीतीने घरी बसू नका. सुईशिवाय काय करता येईल, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. भुलीच्या औषधाची अॅलर्जी किंवा रक्ताचा काही आजार असेल तर तोही त्यांना आधीच सांगा.