निऱ्यांचा दिवा : एका घरच्या छंदाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण रॉकेलच्या दिव्यापर्यंत आलो होतो. आज त्याच दिव्यावर बसलेल्या कागदी टोपीबद्दल बोलू. विषय छोटा वाटेल, पण घरी केलेली वस्तू दुकानात गेली की तिचं नेमकं काय होतं, हा मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. आकाशकंदील आपण कसा करत होतो? आधी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मग खळ लावून पतंगाचा कागद, वर करंज्या, खाली झिरमिळ्या. म्हणजे उभं राहायचं काम कामट्यांचं आणि उजेड गाळायचं काम कागदाचं. आज ज्या दिव्याची गोष्ट सांगतोय, त्यात कामट्याच नाहीत. कागदाची घडी हाच त्याचा सांगाडा.

हे कसं शक्य होतं? छपराचा पन्हळी पत्रा आठवा. तोच पत्रा सपाट असता तर मधे झोळ पडला असता. पन्हळी पडल्या की तो वजन पेलतो. कागदाचंही तसंच. कागदाला एकाआड एक उलटसुलट दुमड घातली, साडीच्या निऱ्या घालतो तशी, की तोच लेचापेचा कागद ताठ उभा राहतो. शिवाय प्रत्येक निरीची एक बाजू दिव्याकडे, दुसरी जरा तिरकी. त्यामुळे उजेड एकसारखा न पडता गडद-फिका असा पट्ट्यापट्ट्यांनी पसरतो. डोळ्याला तो निवांत वाटतो.

आता डेन्मार्कला जाऊ. पेडर विल्हेल्म येन्सन-क्लिंट नावाचे एक वास्तुविशारद तिथं होऊन गेले. जन्म 1853 चा. योगायोग बघा, त्याच वर्षी ल्विव्ह शहरात इग्नात्सी लुकासिएविच यांच्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती. येन्सन-क्लिंट यांचं नाव आज घेतलं जातं ते कोपनहेगनच्या ग्रुंडविग चर्चमुळे. फिकट पिवळ्या विटांच्या या चर्चचं काम 1921 साली सुरू झालं आणि 1940 पर्यंत चाललं. मधे 1930 साली त्यांचं निधन झालं, ते काम मुलानं, कोरे क्लिंट यांनी, पुढं नेलं.

पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 च्या सुमारास, येन्सन-क्लिंट यांनी रॉकेलच्या दिव्यासाठी मातीची भाजलेली बैठक केली होती. बैठक झाली, पण ज्योतीची तिरीप डोळ्यांत जात होती. झाकायला काहीतरी हवं होतं. जपानी कलेचं आकर्षण तेव्हा युरोपभर होतं. त्यांनी कागद घेतला, निऱ्या घातल्या आणि दिव्याला टोपी केली. घरची गरज, घरचा उपाय. एवढंच.

पुढची चाळीस वर्षं हे काम घरातच राहिलं. घरची माणसं आपल्यासाठी आणि ओळखीच्यांसाठी घड्या घालत राहिली, आकार सुधारत राहिली. विकायचा विचार बराच उशिरा आला. 1943 साली दुसरे पुत्र तागे क्लिंट यांनी या छंदाचा व्यवसाय केला. साल लक्षात घ्या : डेन्मार्क तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, कोरे क्लिंट यांनी फळासारख्या गोल आकाराचा घडीचा दिवा आखला. तो आजही बनतो. 1971 मध्ये पॉल क्रिस्तियान्सन यांनी सरळ रेषेऐवजी लाटेसारख्या वळणावर घडी घातली. तोही बनतो.

आता आपला प्रश्न. एरवी वस्तू दुकानात गेली की हात सुटतो आणि यंत्र येतं. इथं उलटं झालं. कागदाच्या जागी बऱ्याच दिव्यांत प्लास्टिकचा पातळ पत्रा आला, पण ओडेन्स शहरातल्या कारखान्यात घडी अजून माणूसच हातानं घालतो. आडव्या-तिरक्या घड्या एकमेकींत बसवायच्या तर बोटांना प्रत्येक दुमडीचा ताण कळावा लागतो. साडीच्या निऱ्या मोजपट्टी न लावता एकसारख्या पडतात, ते जसं बोटांना माहीत असतं, तसंच हे.

म्हणजे हात वाचला. पण घरातून तो कारखान्यात गेला. आणि इतिहासात नाव राहिलं ते आराखडा काढणाऱ्याचं. चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ज्यांनी घड्या घातल्या, त्यांच्या वाट्याला 'कुटुंबाचा छंद' एवढेच दोन शब्द आले. आम्हांला हे खटकतं. कारण आकार पक्का झाला तो त्या टेबलावर. आपल्या कंदिलाचंही तेच. कंदील बाजारात भरपूर आहेत, कमी झाली आहेत ती खळीनं चिकट झालेली पोरांची बोटं.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करून बघा. चित्रकलेच्या कागदाची 100 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद पट्टी जोडून घ्या. दर 2 सेंटिमीटरवर उभी रेघ आखा आणि शाई संपलेल्या बॉलपेननं ती दाबून काढा. मग एकाआड एक उलटसुलट दुमडा. पन्नास पट्ट्या होतील, म्हणजे पंचवीस निऱ्या. वरच्या कडेपासून दीड सेंटिमीटर खाली प्रत्येक पट्टीच्या मधोमध भोक पाडा, त्यातून दोरा ओवा, पट्टीची दोन टोकं चिकटवा आणि दोरा हळू ओढा. वरचं तोंड आवळेल, खालचा घेर पसरेल. दोरा होल्डरभोवती बसेल एवढाच ओढायचा. दिवा एलईडीच लावा आणि कागद बल्बला टेकू देऊ नका. जुना पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा, त्याच्याजवळ कागद नको.

पहिल्या दहा निऱ्या वाकड्या येतील. विसाव्या निरीपर्यंत बोटं शिकतात. त्या वेळी येन्सन-क्लिंट यांच्या घरातल्या त्या बिननावाच्या माणसांची आठवण ठेवा.

आता प्रश्न घेऊ.