डब्यावरील अंक

अंक मोठा तितके तेल उत्तम, असा समज अजून आढळतो. वस्तुतः तो केवळ दाटपणा दर्शवितो. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने वंगणतेलाचे पहिले मानक १९११ साली ठरविले. तापले की तेल किती पातळ होते, हे मोजण्याची रीत डीन व डेव्हिस यांनी १९२९ मध्ये सुचविली. दुहेरी अंकांची तेले त्यानंतरची. '२०डब्ल्यू-५०' यातील 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात त्याचे महत्त्व ते किती! तेथे पाहावयाचा तो दुसरा अंक, शंभर अंश सेल्सिअसवरील दाटपणाचा. लाखभर मैल धावलेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी रुंदावतात, पातळ तेल निसटते, दाब उतरतो. अशा वेळी तिसाऐवजी चाळीस घालावे. मात्र गाडीच्या पुस्तिकेत तशी मुभा हवी. नव्या इंजिनाच्या अरुंद फटींसाठी पन्नासाचे तेल बहुधा फारच दाट ठरते.