गव्हाच्या वेषातलं गवत

नावाची गंमत बघा. कॅनरी बेटांचं नाव लॅटिनमधल्या कुत्र्यावरून आलं असं मानतात. बेटांवरून पक्ष्याला नाव पडलं, आणि तो पक्षी जे दाणे खातो त्या गवतालाही! लिनियसने १७५३ साली त्याला फॅलॅरिस कॅनॅरिएन्सिस म्हटलं. त्याच प्रजातीतलं एक पट्टेरी पानांचं गवत लोक हौसेने बागेत लावतात.

पण ह्यांचा एक भाऊ जरा डांबिस आहे. फॅलॅरिस मायनर, हिंदीत गुल्ली डंडा. हा गव्हात शिरतो आणि ओंबी येईपर्यंत गव्हासारखाच दिसतो. तोवर पिकाचं पाणी आणि खत खाऊन मोकळा! १९९०च्या दशकात हरियाणात तो आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकालाही दाद देईना. आपल्या निफाडलाही गहू होतो, तेव्हा 'आपल्याला काय त्याचं' म्हणून चालणार नाही.

मग ओळखायचं कसं? पान खोडाला मिळतं तिथे बघायचं. गव्हाला तिथे दोन बारीक 'कान' असतात, ह्याला नसतात. वनस्पतींची चित्रं काढणारा माणूस नेमकी हीच जागा मोठी करून दाखवतो.

आपल्याकडे हे काम आर. के. भिडे यांनी केलं. ब्लॅटर आणि मॅकॅन यांच्या 'द बॉम्बे ग्रासेस' (१९३५) मधली चित्रं त्यांची. १९४९ साली गवताच्या एका प्रजातीचं 'भिडिया' असं नाव प्रसिद्ध झालं, ते त्यांच्यावरूनच.

तर मंडळी, 'गवतच तर आहे' म्हणण्याआधी एकदा वाकून त्याचे कान बघा.