येणे बाकी

पगार झाला की आजोबा लालबागेतून कणकवलीकडच्या गावी मनिऑर्डर करीत. फॉर्मच्या तळाशी लिहिलेला मजकूर पोस्टमनच पणजीला वाचून दाखवी, त्यामुळे आमच्या घरची खबर वाडीभर व्हायला वेळ लागत नसे. गिरणगावातल्या बहुतेक घरांचा हिशेब असा दोन ठिकाणी चाले.

आजीने तिसरा हिशेब सुरू केला, खानावळीचा. खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले महिनाभर जेवत आणि पगाराला पैसे देत. तोवर तांदूळ-मासळी आणायची कशातून? आजीच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडत. सणाला सुटत, पुन्हा जात. 1969 साली 14 बँका सरकारने घेतल्या खऱ्या, पण खानावळवालीला तारण कोण विचारणार? 1975 साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायका गटाने एकमेकींना जामीन राहू लागल्या, तेव्हा बँकेचं दार उघडलं. आजीच्या पाटल्या घरी आल्या. आजोबांना हे ऐकवलं की ते पान जुळवायला घेत.

मग 18 जानेवारी 1982. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाचे नेते दत्ता सामंत यांची भाषणं सगळ्यांना आठवतात. माझ्या मते तो संप निम्मा उधारीच्या वह्यांवर चालला. आजीचे काही मेंबर गावी गेले, उरलेले उधार जेवले. "संप मिलीत हा, पोटात नाय," एवढंच ती म्हणे. मनिऑर्डर थांबली आणि गावाहून तांदळाची पोती येऊ लागली.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबांना गिरणीने परत घेतलं नाही. हातात आला तो फंड. त्यांना गावचं घर बांधायचं होतं. आजीने आधी वाण्याची बाकी फेडली, मग बँकेचे हप्ते, आणि उरलेले पैसे पोस्टात आत्याच्या शिक्षणासाठी ठेवले. त्यावरून दोघांत बरेच दिवस अबोला होता. गावच्या घराला कौलं चढली ती आत्याला नोकरी लागल्यावर, तिच्याच पगारातून.

आजीच्या वहीत काही नावांपुढे अजून येणे दिसतं. त्यातल्या एकाच्या नातवाच्या लग्नात आजीने भरघोस आहेर केला. बाकी मात्र खोडली नाही.