गिअर, घाट आणि श्रमाची प्रतिष्ठा

आगगाडीचा डबा रुळावरून घसरला की फ्रेंच भाषेत जे क्रियापद वापरतात, त्यावरूनच सायकलच्या एका यंत्राचे नाव सिद्ध झाले आहे. 'देरायर' म्हणजे रुळावरून उतरवणारा. चालती साखळी एका दातेचक्रावरून ढकलून शेजारच्या चक्रावर नेणे, एवढेच त्याचे काम. आज गिअरची सायकल म्हटली की बहुधा हेच यंत्र डोळ्यांपुढे येते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र ते अनेक पर्यायांपैकी एक होते आणि प्रतिष्ठितांच्या लेखी काहीसे लाजिरवाणेही होते. साधन सुकर झाले की सिद्धीचे मोल उणावते का, हा त्यामागचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये.

आधी यंत्राचे गणित पाहू. पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्याला १६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. मागे २४ दाते असतील तर दोनदाच. वेग घटतो, पण पायांवरचा भारही घटतो. सपाटीला एक प्रमाण हवे आणि घाटाला दुसरे. ते बदलायचे कसे, यावर नाना उत्तरे शोधली गेली.

सँतेत्येन या फ्रेंच गावातले पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे मूळचे रेशमाचे व्यापारी. १८८७ मध्ये त्यांनी सायकलला वाहिलेले नियतकालिक काढले आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते बदलत्या गतीचा पुरस्कार करीत राहिले. सायकल म्हणजे त्यांच्या लेखी शर्यतीचे नव्हे, प्रवासाचे साधन. १९०२ मध्ये पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटात पर्यटकांच्या एका संस्थेने सायकलींची परीक्षा घेतली. मार्त एस ही स्त्री त्या वेळी बदलत्या गतीच्या सायकलवर घाट चढली आणि एकाच गतीच्या सायकलवरील नावाजलेल्या स्पर्धकाला तिने मागे टाकले, असे सांगितले जाते.

यावर क्रीडा-संपादक आंरी देग्रांज यांची प्रतिक्रिया प्रसिद्ध आहे. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांना शोभतो, खरा विजय स्नायूंचा, यंत्राच्या क्लृप्तीचा नव्हे, असा तिचा आशय. (प्रस्तुत लेखक त्या सीमारेषेजवळ पोचल्यामुळे या विषयात पूर्णतः तटस्थ नाही.) देग्रांज हे काही घरबसे टीकाकार नव्हते. १८९३ मध्ये त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून विक्रम नोंदवला होता. १९०३ मध्ये त्यांनी 'तूर द फ्रान्स' सुरू केली आणि तीत देरायरला मज्जाव राहिला. स्पर्धकांच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी दातेचक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुढे निघायचे. म्हणजे गती बदलण्याला विरोध नव्हता. ती सहज बदलण्याला होता. कवी अनिलांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला, तेव्हा वृत्ताच्या अभिमान्यांची तक्रारही याच जातीची नव्हती काय?

योगायोग असा की १९०२ मध्येच आल्फ्रेद जारी यांची 'ल स्युरमाल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत पाच जणांची एक सायकल आगगाडीशी दहा हजार मैलांची शर्यत लावते आणि त्यांतला एक जण मेल्यावरही पेडल मारीत राहतो. स्नायूंच्या पूजेचे इतके बोचरे विडंबन विरळाच.

पर्याय आणखीही होते. सँतेत्येनच्याच 'इरोंदेल' सायकलींत उलट्या पेडलची युक्ती होती. पेडल पुढे मारले की एक गती आणि मागे मारले की चढाची, हलकी गती. तरी सायकल पुढेच जाई. इंग्लंडमध्ये सगळी दातेचक्रे मागच्या चाकाच्या हबमध्येच दडवली गेली. मधल्या सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रे फिरतात, अशी ही रचना. १९३६ च्या प्रसिद्ध नमुन्यात मधली गती सरळ, खालची तिच्या तीन-चतुर्थांश आणि वरची चार-तृतीयांश होती. सायकल उभी असतानाही गती बदलता येई, हा तिचा मोठा गुण.

या हबला स्टर्मी-आर्चर हे नाव मिळाले. परंतु १९०२ च्या तीन-गती हबची रचना विल्यम रायली यांची होती. आधीच्या कंपनीशी झालेल्या करारामुळे त्यांना स्वतःच्या नावे पेटंट घेणे अडचणीचे होते, म्हणून ते सहकारी जेम्स आर्चर यांच्या नावे घेतले गेले. जगभरच्या लाखो चाकांवर आर्चर हे नाव कोरले गेले. रायली हे नाव अभ्यासकांना मागाहून शोधून काढावे लागले. वाङ्मयेतिहास शिकवताना कर्तृत्वाच्या नोंदींवर आपण किती विसंबतो, हे इथे आठवल्याखेरीज राहत नाही.

१९३७ मध्ये तूरमधील बंदी उठली आणि रोजे लापेबी यांनी देरायर लावून ती शर्यत जिंकली. तरीही कष्टाचा मोह सुटला नव्हता. १९४८ मध्ये जिनो बार्ताली यांनी तूर जिंकली, ती कांपान्योलोची 'कांबिओ कोर्सा' ही पद्धत वापरून. तीत चालत्या सायकलवरून मागे हात नेऊन एका दांड्याने मागचे चाक सैल करायचे, पेडल उलटे फिरवीत दुसऱ्याने साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे. १९८४ मध्ये शिमानोने टप्प्याटप्प्याने नेमकी सरकणारी योजना आणली आणि २००९ मध्ये विजेवर चालणारी. आता बोटाचा स्पर्श पुरतो.

व्हेलोसिओंना हे पाहता आले नाही. बंदी उठण्याच्या सात वर्षे आधी, १९३० मध्ये, सँतेत्येनच्या रस्त्यावर ट्रामच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. श्रमाची प्रतिष्ठा सांभाळण्याचा देग्रांज यांचा आग्रह अप्रामाणिक नव्हता. पण श्रम कोणी करावेत आणि कितपत सोसावेत, हे त्यांनी बलवानांच्या मापाने ठरवले होते. व्हेलोसिओंच्या मापात बलवान नसलेलाही बसत होता. सुकर साधनाने घाट खुजा होत नाही. तूरमालेची उंची २११५ मीटर होती, ती तेवढीच राहिली. माथ्यावर पोचू शकणारी माणसे तेवढी वाढली.