कल्हईपासून क्रोमपर्यंत : चकाकी राखण्याचा इतिहास

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकगठ्ठा १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी. देशभर बातमी झाली. मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. आम्हांला आज जरा खालच्या पातळीवरचा प्रश्न घ्यायचा आहे. अशा गाडीची चकाकी राखायची कशी, आणि हे राखणं आपण कुठून शिकलो?

धातूवर थर चढवणं आपल्याला नवं नाही. पितळेचं पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथिलाचा हात फिरवायचा. भांडं आतून पांढरंशुभ्र. नवसागर धातूवरचा मळ काढतो, म्हणून कथील धरतं. हाच नवसागर बिदरीतही भेटतो. बिदरीचं काम आपल्या शहरातही होत आलेलं आहे. जस्त पुष्कळ आणि तांबं थोडं, अशा ओतीव भांड्यावर चांदी ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यानं जस्ताचा भाग काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. वरून तेलाचा हात. बिदरी जर कुणी पितळेसारखी घासून लख्ख करायला घेतली, तर कारागिराचं अर्धं काम मोरीत वाहून जाईल!

कल्हईत एक गोष्ट गृहीत होती: थर झिजणारच. तो उडाला की कल्हईवाल्याची हाक ऐकू येईपर्यंत थांबायचं. भाता, कोळसे, वाड्याच्या दारात दोन घटकांचं काम. घासा, झिजवा, पुन्हा चढवा. आपले हात या शिस्तीत तयार झाले.

क्रोमचा मामला निराळा. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रान्सच्या वोक्लँ यांनी १८ व्या शतकाच्या अगदी शेवटी शोधलं, पण गाड्यांवर त्याचा मुलामा आला १९२० च्या दशकात. त्याआधी निकेल असे, आणि ते मंद पडे, सारखं पुसावं लागे. म्हणून निकेलवर क्रोम. आता हा क्रोमचा थर असतो किती? शोभेच्या कामात बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यातून पाणी निकेलपर्यंत आणि पुढे पोलादापर्यंत पोचलं की रिमवर तांबूस ठिपके उठतात. आणि इथे कल्हईवाला येत नाही. जुना थर उतरवा, निकेल चढवा, विजेच्या टाकीत बुडवा. हे गल्लीत होण्यासारखं नाही. झिजवून पुन्हा चढवण्याची सोय गेली, नुसतं जपणं उरलं.

रंगाचंही तेच. वार्निशच्या काळात एक गाडी रंगून वाळायला काही आठवडे लागत. फोर्डची गाडी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळे. १९२४ च्या मॉडेलांपासून ड्युपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग गाड्यांवर आला. आपल्याकडचे जुने गॅरेजवाले अजूनही ‘ड्युको मारला’ म्हणतात, डबा कुठल्याही कंपनीचा असो. आजच्या गाडीवरचे सगळे थर मिळून, अगदी वरच्या पारदर्शक थरासकट, वहीच्या कागदाएवढी जाडी भरते. वैशेषिकांनी रूप हा द्रव्याचा गुण मानला. इथे रूप एका द्रव्याचं आणि भार वाहणार दुसरं, हे त्यांना कसं वाटलं असतं कोण जाणे.

आपण या गाड्यांवर हात मात्र पितळेचाच चालवतो. राख, रांगोळी, तारेची घासणी. डाग हटत नाही म्हणून फरशीचं ॲसिड! त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते क्रोम चक्क विरघळवतं. सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसणं हे तर सर्वमान्य. पण धुळीत वाळूचे कण असतात, ते फडक्याखाली रंगावर ओरखडे काढत जातात. आधी पाण्यानं धूळ भिजवून सोडवावी, मग मऊ कापड. चाकं थंड झाल्यावर आणि वेगळ्या कापडानं धुवावीत, कारण त्यांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते. बोअरचं पाणी उन्हात वाळू देऊ नये, क्षारांचे पांढरे डाग बसतात. दसऱ्याला हळदकुंकू जरूर लावा, दुसऱ्या दिवशी धुऊन टाका. आणि नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवणाऱ्या या शहरात पाइप सोडून गाडी धुणं आम्हांला पटत नाही. दोन बादल्या पुरतात.

एक बाजू राहते. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते झालं. पुढे त्या परिसरात सुट्या भागांचे कारखाने वाढले. गाडीचा भाग आला की मुलाम्याचं काम आलंच. क्रोमच्या जुन्या पद्धतीच्या टाकीत षट्संयुजी क्रोमियम असतं. त्याच्या वाफा वर्षानुवर्षं नाकात गेल्या तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर तेच विष जमिनीत उतरतं. रिम अकाली गंजवून पुन्हा मुलाम्याला पाठवली, की कुणीतरी त्या टाकीवर पुन्हा उभं राहतं. त्रिसंयुजी क्रोमियमचा तुलनेनं निर्धोक मार्ग उपलब्ध आहे. त्याची छटा मात्र किंचित गडद येते, जुन्या क्रोमचा निळसर झळाळ तिच्यात तितकासा नसतो, आणि शेजारी जुना भाग असेल तर गिऱ्हाइकाच्या ते लगेच नजरेत भरतं.